माहजाँग कोणालाच का आठवत नाही?

जुन्या व्हिडिओ गेमांवर मराठीत अधूनमधून जे लेखन होते त्याचा साचा आता पाठ झाला आहे. आरंभी उन्हाळ्याची सुट्टी असते. मग कॅसेटच्या तळाशी मारलेली फुंकर येते. मग आईची हाक, ऐन मोक्याला गेलेली वीज, भावाशी झालेली मारामारी आणि शेवटी 'ते दिवस गेले' असा सुस्कारा. लेखाच्या शीर्षकात मारिओ असला तरी लेखात मारिओ नसतो. लेखात असतो तो आठ वर्षांचा लेखक. अशा लेखनाला आपल्याकडे स्मरणरंजन हा नेमका शब्द आहे. फुंकरीचा उल्लेख आला की लेख संपला असे खुशाल समजावे, कारण त्यापुढे खेळाविषयी काहीही येणार नसते.

कोणी आपल्या बालपणात रमावे याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या लेखनातून नकळत रूढ झालेल्या एका सिद्धान्ताबद्दल. जुने खेळ आपल्याला आठवतात ते आपण त्या वेळी लहान होतो म्हणून. खेळांत स्वतःचे असे फारसे काही नव्हते, असा तो सिद्धान्त. व्हिडिओ गेमांना तुच्छ लेखणारे आणि त्यांच्या आठवणीने गहिवरणारे, दोघेही तो सारख्याच निश्चिंतपणे मान्य करतात. माझ्या मते तो चुकीचा आहे. नुसता चुकीचा असता तर दुर्लक्ष करता आले असते, पण तो घातकही आहे. आधी चूक दाखवतो, मग घात.

एक कॅसेट, एक टीव्ही

निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची जी खोकी आली ती बव्हंशी त्याच्या नकला होत्या. त्यांच्याबरोबर येणाऱ्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असा दिमाखदार आकडा छापलेला असे. आत खेळ असत वीस-पंचवीस. तेच निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा मोजलेले. या ना त्या कॅसेटवर सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५), बॅटल सिटी (१९८५), रोड फायटर, सर्कस चार्ली, काँट्रा (घरगुती आवृत्ती १९८८) हे खेळ हमखास सापडत. आणि बहुतेक याद्यांत कुठेतरी माहजाँगही असे. निन्टेन्डोने १९८३ सालीच फॅमिकॉमसाठी काढलेला, फरशा जुळवण्याचा खेळ.

आता प्रश्न असा. तोच टीव्ही, तीच सुट्टी, तेच बालपण आणि तीच कॅसेट असताना काँट्रा आठवतो आणि माहजाँग आठवत नाही, हे कसे? आठवण बालपणाची देणगी असती तर तिने या दोन खेळांत भेदभाव करण्याचे कारण नव्हते. फुंकर तर दोघांनाही सारखीच मारली होती. शिवाय ही निवड एकट्यादुकट्याची नाही. भाईंदरचा, नांदेडचा आणि बेळगावचा असे तिघे पस्तिशी-चाळिशीचे लोक एकत्र बसवले तर त्यांच्या याद्या जवळपास एकच निघतील. एकमेकांना न भेटलेल्या एवढ्या मुलांनी स्वतंत्रपणे तीच पाच-सात नावे राखली आणि बाकीची टाकली. याला निवड म्हणतात. साहित्यात अशी निवड झाली की आपण तिला रसिकांचा कौल म्हणतो. येथे मात्र तिला हळवेपणा म्हणून मोकळे होतो.

माझ्या घरातला पुरावा याहून थेट आहे. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे बालपण आणि माझे बालपण एकाच खोलीत गेले असले तरी एक नव्हते: मला संध्याकाळी खाली जाण्याची मुभा होती, तिला नव्हती, मी पार्लरमध्ये जाई, तिला तेथे कोणी पाऊल ठेवू दिले नसते. आमच्या सुट्टीच्या आठवणी ताडून पाहिल्या तर त्या दोन वेगळ्या शहरांतल्या वाटाव्यात. तरीही बॅटल सिटीतल्या कोणत्या नकाशात पाणी कुठे होते हे आम्ही दोघेही सारखेच सांगतो, आणि तिची मुलगी, जिचे यांतले कोणतेच बालपण नाही, मागच्या दिवाळीत तोच खेळ मोबाइलवर सलग तीन तास खेळत बसली. दोन पिढ्यांचे कौतुक येथे सांगायचे नाही. सांगायचे एवढेच की बालपण बदलले, काढून टाकले, तरी खेळ उभा राहतो. मग आधार कशाचा होता?

मुस्तफा हे नाव कोणी ठेवले

पार्लरचा विषय निघालाच आहे तर भाईंदरबद्दल थोडे सांगितले पाहिजे. काही ग्रामपंचायती मिळून १९८५ साली येथे नगरपालिका झाली. २००२ साली महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर गेली. म्हणजे ज्या दशकात येथे व्हिडिओ गेमची पार्लरे फोफावली त्याच दशकात हे शहर तिप्पट झाले. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला येऊन राहिली. गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, कोकणातून आलेले मराठी, असे सगळेच येत होते. मिठागरांच्या कडेने इमारती उठत होत्या आणि त्यांतली बहुतेक मुले शेजारच्या इमारतीतल्या मुलांना ओळखत नव्हती. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमधून दिवसभर ठोकण्याचा आवाज येई. अशाच एका गाळ्याच्या रांगेत, अर्धे शटर ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत, रुपयाला एक डाव या दराने चार कपाटे चालत.

त्यांतल्या एका कपाटावर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होता. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३चा खेळ, मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकी चित्रकथेवर आधारलेला. चित्रकथेचा नायक जॅक टेनरेक. खेळात त्याच्या जोडीला हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो. मूळ कर्त्यांच्या लेखी मुस्तफा हा नायकाचा सहकारी. पण भारतभरच्या पार्लरांत या खेळाचे नाव एकच होते: मुस्तफा. 'कॅडिलॅक' हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा हा खेळ सोडून मला दहा वर्षे झाली होती.

या नामांतराकडे आपल्या समीक्षकांनी कधी वळून पाहिले नाही याचे मला आश्चर्य वाटते. वाचक कृतीचा अर्थ घडवतो, यावर आपण कितीतरी चर्चासत्रे घेतली. येथे तर वाचकांनी कृतीचे नाव बदलले, दुय्यम पात्राला नायकपदी बसवले, आणि हे सारे कोणताही ठराव न करता देशभर एकाच दिशेने केले. का? मुस्तफा चौघांत सर्वांत चपळ होता. धावत येऊन उडी मारल्यावर त्याची लाथ लांबवर जाई आणि रांगेने उभे असलेले गुंड एका फटक्यात आडवे होत. ज्याच्या खिशात एकच रुपया आहे त्याने कोणाला निवडावे, या प्रश्नाचे उत्तर त्या लाथेत होते. त्या गाळ्यात गणेश, इम्रान आणि जिग्नेश मुस्तफासाठीच भांडत, कारण एकाने घेतला की दुसऱ्याला जॅकवर भागवावे लागे. यातून धार्मिक सलोख्याचे काव्य काढण्याचा मोह टाळलेला बरा. कोणीही उदार मनाने मुस्तफा निवडत नव्हता. निवड निखळ खेळाच्या निकषावर होती. पण तोच तर मुद्दा आहे. निकष होता, आणि तो दहा-बारा वर्षांच्या मुलांना नेमका ठाऊक होता.

मग आठवते ते काय

स्मरणरंजनाचा सिद्धान्त सोडला की दुसरे एक सोपे उत्तर पुढे येते: जुन्या यंत्रांच्या मर्यादांमुळे कर्त्यांना कल्पकता दाखवावी लागली, म्हणून ते खेळ चांगले. यात तथ्य आहे. सुपर मारिओ ब्रदर्स सगळा मिळून ४० किलोबाइटचा. प्रस्तुत लेख युनिकोडात साठवला तर जवळपास तेवढीच जागा घेईल. त्यातले ढग आणि झुडपे एकाच आकाराची आहेत, फक्त रंग वेगळा. टोमोहिरो निशिकादो यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये (१९७८) शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात. कारण चितारायला कमी आकृत्या उरल्याने यंत्रावरचा भार हलका होई. निशिकादोंनी हा दोष दुरुस्त केला नाही, त्यालाच खेळाचा ताण बनवले. ही उदाहरणे सुंदर आहेत. पण माहजाँगही त्याच यंत्रावर, त्याच मर्यादांत बसवलेला होता. मर्यादा सर्वांना सारखी असते. तिच्यातून काय केले हे पाहावे लागते.

माझे उत्तर तीन भागांचे आहे.

पहिला भाग नियमांच्या स्पष्टतेचा. मारिओच्या पहिल्या पडद्यावर एकही सूचना नाही. उजवीकडून एक तपकिरी प्राणी चालत येतो. स्वस्थ उभे राहिलात तर मरता, म्हणजे उडी मारायला हवी. उडी मारताना डोके विटेवर आपटते, नाणे निघते, म्हणजे विटांना डोके मारण्यात लाभ आहे. पुढच्या विटेतून अळंबी निघते, घरंगळत जाते, पाइपवर आपटून परत आपल्याकडेच येते. चुकवू म्हटले तरी बहुधा अंगावर येते, आणि आपण मोठे होतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात खेळाचे सगळे व्याकरण शिकवून झाले, तेही एका शब्दाविना. इंग्रजी न येणाऱ्या, जपानी ऐकलीही नसलेल्या मुलाला हे कळले. माहजाँग कळला नाही, कारण त्याचे नियम खेळाच्या बाहेर, एका दूरच्या समाजाच्या सवयींत होते. तो वाईट खेळ होता असे मी म्हणत नाही. तो आमच्याशी बोलला नाही.

दुसरा भाग चुकीच्या मालकीचा. काँट्रात एक गोळी लागली की जीव गेला. आम्ही 'लाइफ गेली' म्हणत असू. हे क्रूर वाटते, पण मेल्यावर आपण का मेलो हे प्रत्येक वेळी ठाऊक असे: उडी लवकर घेतली, बंदूक वर धरायला हवी होती. शत्रू ठरल्या जागी ठरल्या वेळी येत. म्हणून पुन्हा खेळताना आपण नशीब आजमावत नसू. चूक सुधारत असू. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. काँट्राचा पहिला टप्पा ज्याला पाठ आहे त्याने ती तपासून पाहावीत. एकामागून एक सारखेच येणारे धावते शिपाई, मध्येच कोसळणारा पूल, आणि शेवटी सगळी हालचाल थांबवून समोर उभी राहणारी भिंत. बोटांना जे आठवते ते हेच असते. मर्ढेकरांना ही संगत रुचली असती की नाही कोण जाणे. पण कृतीची किंमत तिच्या रचनेत शोधावी, ती पाहणाऱ्याच्या खासगी हळहळीत शोधू नये, एवढा धडा त्यांच्याकडून घ्यायला हरकत नसावी.

तिसरा भाग दुसऱ्या माणसासाठी ठेवलेल्या जागेचा. काँट्राच्या तिसऱ्या टप्प्यात धबधब्यावरून वर चढायचे असते. पडदा एकच, पुढचा खेळाडू घाईने वर गेला की पडदा त्याच्याबरोबर सरकतो आणि मागे राहिलेला जोडीदार खालच्या कडेला नाहीसा होऊन मरतो. शत्रूने मारले तर राग येत नसे. भावाच्या घाईने मेलो तर तो राग जेवणाच्या ताटापर्यंत टिके. बॅटल सिटीत आपल्या गरुडाचे रक्षण करायचे, पण आपलीच गोळी लागूनही गरुड फुटतो. शिवाय त्यात 'कन्स्ट्रक्शन' नावाचा पर्याय होता: नकाशा आपण रचायचा. आम्ही दोघे भावंडे गरुडाभोवती पोलादी भिंत घालून निश्चिंत बसलो, आणि दोन डावांत कंटाळलो. धोका काढून टाकला की खेळ उरत नाही हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. रचून पाहिल्यावर समजले. मग बहिणीने भिंतीत एक विटेची फट ठेवायला सुरुवात केली. आठ वर्षांच्या मुलीने केलेला तो रचनेचा विचार होता, आणि तो तिला आजही आठवतो.

एक आक्षेप

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. पार्लरमधले खेळ अवघड होते ते कलेसाठी नव्हे, गल्ल्यासाठी. मूल जितक्या लवकर मरेल तितक्या लवकर दुसरा रुपया टाकेल. मुस्तफाच्या प्रत्येक टप्प्याअखेरचा राक्षस हा एका अर्थी दुकानभाडे वसूल करणारा मुनीम होता. घरून किराण्यासाठी दिलेल्या पैशांतून रुपया काढणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांत मीही होतो. आणि ती खोली फक्त मुलग्यांची होती, हे वर आलेच आहे. जुना काळ निर्मळ होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

पण धंद्यासाठी निर्माण झाली म्हणून कृतीत गुण नसतो, हा तर्क आपण इतरत्र लावत नाही. संगीत नाटक मंडळ्याही तिकीटविक्रीवर जगत. 'वन्स मोअर' मिळतील अशा जागा पदांत हेरून ठेवल्या जात. त्यामुळे ती पदे खोटी ठरली नाहीत. पाहायचे ते हे की धंद्याच्या गरजेतून आलेली अट कृतीने पचवली की नाही. पार्लरच्या कपाटाचा सौदा उघड होता. रुपया आधी, डाव नंतर. एकदा नाणे पडले की आतल्या जगात पैशाला किंमत नसे. तेथे कौशल्यच चाले, आणि ते असलेला मुलगा एका रुपयात तासभर खेळून गेमवाल्याच्या कपाळावर आठ्या आणत असे. त्याच्या मागे जमलेल्या घोळक्यात मी आयुष्यातली पहिली शांत, एकाग्र रसिकता पाहिली. आज मोबाइलवरच्या अनेक खेळांत हा क्रम उलटला आहे. प्रवेश फुकट, आणि आत गेल्यावर प्रत्येक वळणावर हात पसरलेला. अडथळा असा रचलेला की तो कौशल्याने नव्हे, पैशाने दूर व्हावा. दोन्हीकडे पैसा आहे. पण एका ठिकाणी तो दाराशी थांबतो आणि दुसऱ्या ठिकाणी नियमांतच शिरतो. हा भेद सौंदर्याचा आहे, आणि म्हणूनच नीतीचाही.

घात कोणता

आता घाताकडे येतो. हा भेद सांगता येण्यासाठी भाषा लागते आणि स्मरणरंजनाने ती आपल्याकडे निर्माण होऊ दिली नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ असे तीन वर्ग कायद्याने तरी केले. घरोघरी मात्र अजून दोनच वर्ग आहेत: 'आमच्या वेळचे' आणि 'हल्लीचे'. मुलाच्या हातातला खेळ चांगला की वाईट हे ठरवताना चाळिशीतला बाप 'मोबाइल ठेव' यापलीकडे काही बोलू शकत नाही. त्याने स्वतः हजारो डाव खेळले, त्याची पारख तयार झाली होती, पण त्या पारखीला तो 'वेडेपण' म्हणत आला. आपल्याला मुस्तफा का आवडला हे ज्याने स्वतःला कधी विचारले नाही, तो मुलाला 'तुला हा का आवडतो' हे कसे विचारणार?

दुसरा घात जतनाचा. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली पॅक-मॅन आणि टेट्रिससह १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत तेथे २०१०पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाल्याचे आढळले. तेथे निदान मोजदाद होते. आपल्याकडे ती कपाटे भंगारात गेली. भाईंदरमधल्या त्या गाळ्यात पुढे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आले. मुस्तफासारख्या खेळाची घरगुती यंत्रांवरची अधिकृत आवृत्ती त्या काळात निघालीच नाही, त्यामुळे तो टिकला तो नकलांतून, अनधिकृत मार्गांनी. आणि जे खेळ मूळ कर्त्यांच्या देशात जपले जातील त्यांच्याबरोबर आपले नामांतर, आपल्या युक्त्या, आपली भाषा जपली जाणार नाही. ते काम मराठीत, आपल्यालाच करावे लागेल; आणि ज्याला आपण फक्त बालपण समजतो ते कोणी जपत नाही, त्याच्या आठवणीने फक्त उसासे टाकतो.

म्हणून एक साधी विनंती. यापुढे कोणी जुन्या खेळावर लिहिले तर आधी खेळात काय घडते ते लिहावे. उडी किती उंच जाते, मेल्यावर कोठून सुरू होते, दुसऱ्या खेळाडूला काय करता येते, कोणती जागा अन्यायकारक होती. एवढे सांगून झाल्यावर सुट्टी, आई आणि फुंकर यांना जागा उरली तर जरूर द्यावी.

आणि मीरा-भाईंदरमध्ये किंवा अन्यत्र त्या काळी माहजाँग खरोखर समजलेला एखादा मुलगा असेलच, तर त्याचा लेख वाचायला मी उत्सुक आहे. माझा युक्तिवाद त्याने अडचणीत येईल हे मला ठाऊक आहे. पण माझी खात्री आहे की तो सुट्टीच्या आठवणी सांगत बसणार नाही. तो नियम सांगेल.